टिपणीकाकांचे केस

गाझियाबादच्या बाजारातल्या केसांच्या एका डॉक्टरने आमच्या टिपणीकाकांना फसवलं, आणि त्यांना त्याच्या दारात घेऊन जाणारा मी होतो.

टिपणीकाका म्हणजे केंद्र सरकारचे निवृत्त सेक्शन ऑफिसर, आमच्याच सोसायटीतले. तोंडी गोष्टीवर त्यांचा विश्वास नसे. दूधवाल्यालासुद्धा चिठ्ठी लिहीत. एकदा काकूंना ताटाशेजारी कागद सापडला : ‘आमटीत मीठ नाही. अवलोकनार्थ सादर.’ काकूंनी खाली लिहिलं, ‘पाहिलं. बरणी ओट्यावर आहे.’ आणि कागद परत त्यांच्यासमोर सरकवला.

विशीत मी पानिपतच्या चादरी खांद्यावर टाकून दारोदार फिरत असे. पहिलं दुकान घेतलं तेव्हा भाडेकरार काकांनी ओळ न् ओळ वाचला. मालकाला हवं तेव्हा मला बाहेर काढता येईल, असं एक कलम त्यात होतं. त्यावर बोट ठेवून ते मालकाला म्हणाले, “ये काटिए. लड़का ग़रीब है, अनपढ़ नहीं.” त्याने ते खोडलं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. ते मला ‘पानिपतवाले’ म्हणत. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या मराठी कॅन्टीनमध्ये साबुदाणा वडा खाताना विचारत, “काय पानिपतवाले, आज कुणाला कापलंस?”

माणूस एका बाबतीत मात्र हळवा होता. डोक्यावर मध्ये चकाकी आली होती आणि डावीकडचे केस तिच्यावरून उजवीकडे नेऊन बसवलेले असत. “सरकारने खुर्ची काढून घेतली, निदान केस तरी राहू देत यार,” म्हणायचे. शेवटी त्वचेच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी सरळ सांगितलं : मिनॉक्सिडिलचं लोशन रोज लावायचं, फरक दिसायला महिने लागतील. दुसरी फिनास्टराइडची गोळी. ती घेतलीत तर प्रोस्टेटच्या रक्ततपासणीआधी डॉक्टरांना आठवणीने सांगायचं. आणि उपचार थांबवले की केस पुन्हा गळणार.

“इतक्या अटी टेंडरलाही नसतात!” काका बाहेर येऊन म्हणाले. खरी अडचण वेगळी होती. गोळी घ्यायची तर प्रोस्टेटची तपासणी करणाऱ्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना सांगावं लागणार, आणि तिथल्या कंपाउंडरपासून सगळे ओळखीचे. “माझं टक्कल सरकारी फायलीत नको,” म्हणाले. जन्मभर नोंदी करणाऱ्या माणसाने हीच एक नोंद टाळली.

मग मी त्यांना बाजारात नेलं. तिथला तो डॉक्टर म्हणाला, “शुद्ध जड़ी-बूटी, चाचाजी. कोई साइड इफ़ेक्ट नहीं.” पुडीत बिननावाच्या हिरव्या कॅप्सूल. काकांनी सवयीने विचारलं, “इसमें है क्या? लिखकर दीजिए.” तो हसला, “कहा न, सिर्फ़ जड़ी-बूटी.” मी मध्येच म्हणालो, “काका, राहू द्या ना. मी त्याला अर्ध्या किमतीवर आणलाय, आता पलटेल.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुडी खिशात टाकली.

केस आले. खरंच आले. काका फिरायला जाताना टोपी घरी ठेवू लागले. दरवर्षी सरकारी दवाखान्यात प्रोस्टेटची तपासणी व्हायची, आकडा ठीक यायचा. तीन वर्षं ठीक आला. मग कंबर दुखायला लागली, आणि कळलं तेव्हा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचला होता.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी विचारलं, “केसांची काही गोळी घेता?” काका म्हणाले, “नाही, फक्त जडीबुटी.” उरलेल्या कॅप्सूल डॉक्टरांनी तपासायला पाठवल्या. आत फिनास्टराइड निघालं. त्वचेच्या बाईंनी नाव घेऊन सांगितलेली तीच गोळी, हिरव्या भुकटीत कुटलेली. डॉक्टर मला म्हणाले, “ही गोळी चालू असताना तो आकडा जवळजवळ निम्मा दिसतो. आम्हाला माहीत असतं तर आम्ही दुप्पट धरून वाचला असता.”

मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “तू चिडू नकोस हं. बीपी वाढेल तुझं.” शेवटच्या आठवड्यात एक नर्स कौतुकाने म्हणाली, “अंकलजी के बाल कितने अच्छे हैं!” काकू त्यांचे केस विंचरत होत्या. त्यांच्या हातातला कंगवा खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

तेराव्यानंतर मी बाजारात गेलो. तो हसत उठला, “आइए भाईसाहब, चाचाजी के बाल टिके हैं ना?” मी सांगितलं, चाचाजी गेले. त्याने मान हलवली. “बहुत बुरा हुआ. लेकिन बाल तो हमने दिए थे.”

मी आजवर शेकडो भामटे पाहिलेत, असा नाही पाहिला. समोर पाच माणसं आपल्या पाळीची वाट पाहत बसली होती. मी तपासणीचा अहवाल त्याच्या टेबलावर आपटला आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. दोघं उठून गेले. तिघं बसून राहिले.

माझ्या वाट्याचा गुन्हा मी काकूंसमोर बसून कबूल केला आहे. त्या अजून माझ्याशी बोललेल्या नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण डॉक्टर, त्या कॅप्सूलमध्ये गोळी कुटून भरणारा तू होतास. काकूंच्या दारात ये, त्यांच्या डोळ्यांत बघ आणि सांग : माणसाने ‘यात काय आहे’ असं विचारलं, तेव्हा तू खोटं का बोललास?