टपावरचा उजेड

पिकअपच्या टपावरची ती पांढरी पट्टी मी अजून विसरलेले नाही. परवा तुम्ही तुमच्या नव्या गाडीचा फोटो पाठवलात. तिच्या टपावर तशीच एलईडी दिव्यांची पट्टी दिसली, म्हणून ही हकीकत लिहायला बसले. नावं कुणाचीच देत नाही. जे आहेत त्यांना तिथेच राहायचं आहे.

नोकरीच्या शेवटच्या काळात माझी नेमणूक वेल्ह्याच्या पोलीस ठाण्यात होती. भातं कापणीला आली होती. सकाळी ठाणे अंमलदाराला फोन आला की पासलीच्या रस्त्यावर वळणाखाली ओढ्यात एक स्कूटर पडली आहे. आम्ही पोचलो तेव्हा गुराख्यांनी बाईंना वर आणून घोंगडीखाली ठेवलं होतं. त्या पासलीच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर होत्या. आदल्या दिवशी तालुक्याला बैठक होती, ती आटोपून तिन्हीसांजेला परत चालल्या होत्या.

अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा केला. स्कूटरला दुसऱ्या गाडीचा रंग लागलेला नव्हता, धडकेचा पोचा नव्हता. रस्त्यावर ब्रेकची खूणही नव्हती. मातीत चाकाची रेघ सरळ कडेपर्यंत गेली होती. घसरणाऱ्या गाडीची रेघ अशी नसते. जिला वळण दिसलंच नाही, तिची असते. आणि सिस्टर तर या रस्त्याने रोज जायच्या.

गावात मात्र दोन दिवसांत ठरून गेलं की सिस्टर मोबाईलवर बोलत होत्या. मेलेल्या माणसाला जबाब देता येत नाही, म्हणून लोक त्याच्या वतीने देतात. सिस्टरची आई मार्गासनीला राहायची. ती एसटीने येऊन ठाण्यातल्या बाकावर बसायची. चहा दिला तर नको म्हणायची. तिचं एकच मागणं होतं.

"बाईसाहेब, कुनी मारलं का ती आपनच पडली, येवडं सांगा. लोक लई वंगाळ बोलत्यात."

मोबाईल तपासला. त्या वेळेत एकही कॉल नव्हता. तिला ते सांगितलं, पण तेवढ्याने तिचं उत्तर होत नव्हतं.

खबर मिळाली ती चहाच्या टपरीवर. संध्याकाळच्या फेरीच्या एसटीचा ड्रायव्हर आमच्या हवालदाराला म्हणाला की सिस्टर पडल्या त्याच संध्याकाळी खाली उतरणाऱ्या एका पिकअपमुळे त्याला बस उभी करावी लागली होती. टपावर लायटीची पट्टी, समोरचं काही दिसेना. त्या रस्त्याला तशी पट्टी असलेली पिकअप एकच होती, पासलीच्या एका शेतकऱ्याची.

निरोप धाडला, तर तो स्वतःच पिकअप घेऊन ठाण्यात आला. पट्टी टपावर तशीच होती. लपवायचं असतं तर आधी तीच उतरवली असती. त्याने न विचारताच सांगितलं की वळणावर सिस्टर भेटल्या होत्या, तो पोती घेऊन गिरणीला चालला होता.

"मंग काय केलंस?" हवालदाराने दरडावलं.

"डिपर दिला की. सिस्टरची गाडी म्या वळखली. डिपर दिला, हॉर्न दिला, म्होरं गेलो."

तिकडच्या घाटात डिपर देणं म्हणजे रामराम करण्यासारखं आहे. समोरून गाडी आली की खालचे दिवे मंद करायचे. जो करत नाही त्याला पुढच्या गावात शिव्या बसतात. हवालदाराला वाटलं गडी खोटं बोलतोय. मी त्याला तीन वेळा वेगवेगळ्या बाजूंनी विचारलं. खोटं बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो. याने एक शब्द वाढवला नाही. डिपर दिला, आणि सिस्टर पडल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं, एवढंच.

पट्टी का बसवली, असं मी विचारलं. तो म्हणाला की सिस्टरनीच सांगितलं होतं. मागच्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला याच पिकअपमधून खाली आणताना एक दिवा गेला. सिस्टर घाटभर खिडकीतून हात बाहेर काढून बॅटरी धरून बसल्या होत्या. "त्या म्हनल्या, भाऊ, आता चांगली लाईट बसव. सारा गाव तुझ्या गाडीत खाली जातो." मार्गासनीच्या गॅरेजमध्ये पट्टी लावून घेतली, तेव्हा येता-जाता थांबून त्या बघूनही गेल्या होत्या.

गॅरेजवाल्याचा जबाब घेतला. पट्टीची तार त्याने सरळ गाडीच्या बॅटरीवर घेतली होती आणि बटण वेगळं दिलं होतं. म्हणजे डिपर दिला की खालचे दिवे मंद व्हायचे, पट्टी तशीच जळत राहायची. हे पिकअपवाल्यालाही ठाऊक होतं.

"पन ती वर हाय ना मॅडम," तो मला समजावू लागला. "ती लांबचं बघती, मान्साच्या डोक्यावरनं जाती. डोळ्यात जात्यात ते खालचे दिवे."

तिकडे सगळे असंच समजत होते. आमच्या हवालदारालाही ते पटलं होतं.

म्हणून दोन पंच घेऊन दिवेलागणीला त्याच वळणावर गेलो. पिकअप वरच्या उतारावर उभी केली, आत हवालदार बसवला. पिकअपवाल्याला मी खाली वळणावर, स्कूटर जिथून चढत होती तिथे उभं केलं, मीही शेजारी राहिले. पट्टी लागली. उतारावरच्या गाडीचं तोंड खाली असतं, टपावरचा उजेड थेट चढणाऱ्याच्या तोंडावर येतो. कडा, दगड, माझा स्वतःचा हात, काही दिसेना. मी हवालदाराला डिपर द्यायला ओरडून सांगितलं.

पिकअपवाला दोन्ही हात डोळ्यांवर धरून उभा होता. थोड्या वेळाने म्हणाला, "द्या की डिपर."

"दिलाय," मी म्हटलं.

स्वतःच्या गाडीसमोर तो अंधारात कधी उभाच राहिला नव्हता.

पिकअपवाल्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला, पट्टी मुद्देमाल म्हणून जप्त केली, दोषारोपपत्र पाठवलं. कागद सगळे चोख होते. सिस्टरच्या आईला मीच सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. बॅटरी धरून बसलेल्या लेकीची गोष्टही सांगितली. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"म्हंजी मारलं बी न्हाई, आन आपनहून पडली बी न्हाई. मंग आता मी कुनाला बोलू?"

ती पुन्हा आली नाही. माझा समज होता की खरं कळलं की माणसाला बसायला जागा मिळते. तिची बाकावरची होती तीही गेली.

पिकअपवाल्याने गाडी विकली. गावातल्या दुसऱ्या कुणी रात्री रोगी न्यायला गाडी काढेना, पोलीस लफडं नको म्हणून. उपकेंद्राला दुसऱ्या सिस्टर आल्या, त्यांनी लवकरच बदली मागून घेतली. तपास लागला, असं आमच्याकडे म्हणतात. तो लागला, आणि त्यात एकही माणूस वाचला नाही.

गेल्या महिन्यात भोरच्या बाजारात गेले होते. एका दुकानात अशाच पट्ट्या टांगल्या होत्या. दुकानदार एका तरुण गिऱ्हाईकाला पट्टी पेटवून दाखवत होता. त्याने तिचं तोंड भिंतीकडे केलं होतं, कारण समोर धरली असती तर दोघांनाही बघवलं नसतं. मी त्या मुलाला थांबवून ही सगळी हकीकत सांगितली. त्याने शेवटपर्यंत आदराने ऐकून घेतली. मग हसून म्हणाला, "आजी, आमी डिपर देतो की."