सरांची पाठ
घरातला पहिला पदवीधर मी झालो तो परतूरच्या शाळेतल्या खेळाच्या सरांमुळे. मैदान आखायच्या फक्कीचा वास आला की अंबडची निवड स्पर्धा आठवते. कुणी पाहिलं की माझे पाय जड व्हायचे, म्हणून सर पाठ फिरवून म्हणायचे, “पळ, न्हाई बघत मी तुझं सोंग.” माझा मित्र मात्र सर बघत असले तरच जोरात पळायचा. त्या दिवशी आम्ही एकाच शर्यतीत होतो. क्रीडा वसतिगृहात फुकट शिकायला निवड एकाचीच होणार होती, आणि मित्र हरला तर त्याला शाळा सोडून मेंढरांमागं जायचं होतं. सरांनी सवयीनं पाठ फिरवली. तो त्यांच्याकडे पाहत मागं पडला आणि मी जिंकलो. “सर, तुम्ही बघूनच न्हाई राह्यले, मंग कोणासाठी पळू?” एवढंच तो म्हणाला. पुढं तो शाळेत आला नाही. नोकरी लागल्यावर मी सरांना लिहिलं, ‘सर, तुमचे उपकार फिटणार नाहीत. पण पळण्याआधी मी तुम्हाला इकडं बघा म्हणायला पाहिजे होतं. त्याला काय लागतं, ते मला माहीत होतं.’