आजोबांचं खाकरणं

मुलांनो, फोनवर मी ‘आजोबा बरे आहेत’ एवढंच सांगत होते. आता ते घरी आलेत, म्हणून नीट लिहिते.

मुलुंडला आपल्या गल्लीच्या तोंडाशी, उलट्या बाजूने आलेल्या एका स्कूटरचं हँडल त्यांच्या छातीवर आदळलं. डावीकडच्या बरगड्या ओळीने मोडल्या, त्याही दोन-दोन ठिकाणी. श्वास घेताना सगळी छाती वर यायची, तेवढा भाग मात्र आत जायचा. मी ते एकदाच पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत बसले.

मला वाटलं, हॉस्पिटलात छातीला पट्टा बांधतील. डॉक्टर म्हणाले, “छाती आवळली तर श्वास आणखी कमी होईल. दुखणं कमी राहावं म्हणून पाठीतून औषध चालू आहे. त्यांनी खोकून कफ काढायला हवा. साचला तर न्यूमोनिया, मग व्हेंटिलेटर.”

त्यानंतर ते काय बोलले, मला आठवत नाही.

फिजिओथेरपिस्ट मुलीने चादरीची जाड घडी त्यांच्या छातीशी दिली. “ही घट्ट धरा आजोबा, आणि खोका.” त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि सभेत बसल्यासारखे हलकेच खोकले. छातीतली घरघर तशीच. ऑक्सिजनचा आकडा उतरत होता.

“अहो, जोरात!”

“अगं, दुखतं. आणि शेजारी माणसं आहेत.”

सकाळी दात घासताना आजोबा कसे खाकरतात, तुम्हाला माहीतच आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंना गजर लावावा लागत नाही. लग्न झाल्यापासून मी त्यावरून बोलत आले आहे.

मी वाकून म्हटलं, “बेसिनपाशी खाकरता ना, तसं खाकरा. मी काही बोलणार नाही.”

“कधीच?”

“आधी खाकरा!”

त्यांना हसू आलं, हसण्याने कळ आली. डोळे गच्च मिटून, घडी आवळून ते खाकरले. पलीकडच्या खाटेवरचे गृहस्थ दचकले. “काय हो काका, इमारत पाडता की काय!” मुलीने धरलेल्या भांड्यात घट्ट, तांबूस कफ पडला. तिने स्टेथोस्कोप लावून ऐकलं. “छान. थोड्या वेळाने परत.”

पुढचे कित्येक दिवस तेच चाललं, आणि दर वेळी मला तीच धास्ती. व्हेंटिलेटर लागला नाही.

अजून सकाळी मी दुधाखालचा गॅस बारीक करून ऐकत उभी राहते. बेसिनपाशी आवाज झाला की चहाचं आधण ठेवते.