कार्डाला नाव विचारणारे सर

“थांबा, आधी त्याला त्याचं नाव विचारू.”

असं म्हणून सर ते नखाएवढं वायफायचं कार्ड शर्टाच्या टोकानं पुसायचे, संगणकाच्या खाचेत बसवायचे आणि दोनच बोटांनी टकटक करत काहीतरी आज्ञा द्यायचे. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटायची. ती वाचून त्यांचा चेहरा एकतर खुलायचा, नाहीतर पडायचा. “बघा मॅडम, डब्यावर पेढे लिहिलंय अन् आत निघाली शेव!” म्हणजे खोक्यावर एक नाव आणि आतली चिप भलत्याच जातीची.

माकणीजवळच्या एका गावात आमचं मुलींचं कनिष्ठ महाविद्यालय. मी तिथं ग्रंथपाल. माझ्या खोलीला लागूनच संगणक कक्ष, मधल्या भिंतीला वर जाळी, त्यामुळं सरांचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं. सर उमरग्याकडचे, घरात कन्नड बोलणारे. कार्ड सुरू व्हायच्या बेतात असलं की जाळीपलीकडून हलकेच “बा, बा” ऐकू यायचं. कन्नडमध्ये बा म्हणजे ये. वासराला बोलवावं तसं ते कार्डाला बोलवायचे.

संगणक जुने होते, शहरातल्या कुठल्याशा कचेरीनं काढून टाकलेले. त्यांच्यावर सरांनी लिनक्स चढवलं होतं. विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं आणि उघडं. कुणीही आत डोकवावं, दुरुस्त करावं. संस्थेतल्या एकानं विंडोजची चोरटी कॉपी आणून दिली तेव्हा सरांनी हात जोडले. “चोरीचं शिकवायचं न्हाय मला पोरींना.” शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांना हसतो आणि अडलं की त्यांनाच हाक मारतो.

सरांचं अडायचं ते वायफायशी. चिप बनवणारे पुष्कळदा लिनक्ससाठी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, देत नाहीत. मग जगात कुठंतरी कुणीतरी तो खटपट करून लिहितो, आणि सर तो उतरवून आमच्या मशीनवर बसवायचे. लिनक्सची नवी आवृत्ती आली की हे सगळं पुन्हा करायचं. “नवं इंजिन बसवलं की जुना पट्टा चालत न्हाय, मॅडम,” असं त्यांनी मला समजावलं होतं.

त्या उन्हाळ्यात बारावी झालेल्या मुलींचे पुढच्या शिक्षणासाठी पहिल्या फेरीचे प्रवेश अर्ज भरायचे होते. शेवटच्या दिवशी मुली कॉलेजातच येणार होत्या. उद्या काही अडायला नको, म्हणून सरांनी आदल्या दिवशी सगळ्या मशीनवर नवी आवृत्ती घातली. डिस्कवर जागा कमी, म्हणून जुनी पुसून टाकली. मशीन एकदा बंद करून पुन्हा सुरू करून बघायचं तेवढं राहिलं.

सकाळी मुली आल्या, मशीन सुरू झाली, आणि एकाही पडद्यावर वायफाय नव्हतं. जुनी आवृत्ती असती तर तिच्यावर चालवता आलं असतं. ती नव्हती.

सरांनी आपला फोन केबलनं जोडला. नेट आलं, पण एकाच मशीनवर. त्यावरून ड्रायव्हर उतरवायचा तर अर्ज थांबणार, अर्ज भरायचे तर ड्रायव्हर थांबणार. त्यांनी अर्ज धरले. गावातल्या ऑनलाइनच्या दुकानासमोर रांग रस्त्यापर्यंत आलेली. मुलींच्या मोबाइलवर अर्ज पुढं सरकेना. सर एकेकीला बसवत होते, तापलेल्या फोनवर वहीनं वारा घालत होते. जाळीपलीकडून त्या दिवशी “बा, बा” आलं नाही.

संध्याकाळी मुदत संपली तेव्हा शेवटची मुलगी खुर्चीवर होती. तिचा फोटो चढत होता. पडद्यावर मुदत संपल्याची ओळ आली. ती उठली, ओढणी नीट केली आणि म्हणाली, “जाऊ द्या, सर.”

ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत बसला.

पुढच्या फेरीत त्या मुलीला पार विदर्भातलं कॉलेज मिळालं. घरचे पाठवेनात. तेव्हा सर मला घेऊन तिच्या घरी गेले. तिचे वडील माकणीच्या धरणाच्या खालच्या अंगाला शेती करतात. त्यांनी बाज टाकली.

“माझ्यामुळं झालंय हे,” सर म्हणाले. “पाठवा तिला. मी स्वतः सोडून येतो. प्रत्येक सुट्टीला आणायला जातो.”

“सर, तुमी काय मुद्दाम केलं व्हय? च्या घ्या. एवढ्या लांब न्हाय जमायचं. फुडल्या साली बघू.”

मला वाटतं, त्या माणसानं चार शब्द रागानं सुनावले असते तर सरांना बरं वाटलं असतं. मुलगी चहा घेऊन आली. “सर, मग ते ड्रायव्हर बसलं का?”

“बसलं.”

“कसं काय?”

सरांनी चहा एका घोटात संपवला आणि चपला पायात घातल्या.

महिनाभरात सगळ्या मशीनवर ती चोरटी कॉपी आली. कक्षाची किल्ली सरांनी स्वतःच संस्थेत नेऊन दिली. मी त्यांना म्हटलं, “सर, बाकीच्या सगळ्यांचे अर्ज तुम्हीच तर भरले.” ते म्हणाले, “त्यांची तोंडं आठवत न्हाईत, मॅडम.” दिवाळीच्या सुट्टीत ते गावी गेले, ते परत आलेच नाहीत. राजीनामा टपालानं आला.

ती मुलगी यंदा ग्रंथालयात आली होती. तिनं पुन्हा अर्ज भरला होता आणि तिला धाराशिवला प्रवेश मिळाला होता. सरांना सांगायचं म्हणाली. मी माझ्या फोनवरून लावून दिला. रिंग वाजून वाजून बंद झाली. मग तिनं आवाजी निरोप पाठवला.

“सर, धाराशिवला लागला माझा नंबर. मामाचा जुना लॅपटॉप मिळालाय, त्याच्यावर लिनक्स टाकलंय मी. पण वायफाय दिसत न्हाय. काय करू, तेवढं सांगा ना.”

थोड्या वेळानं निरोप ऐकल्याची निळी खूण उमटली. ती बाकावर बसून राहिली. बसची वेळ झाली तसं मी म्हटलं, “जा तू, उत्तर आलं की कळवते.”

ती धाराशिवला राहायलाही गेली. मी अजून फोन बघते.