कान्हूच्या जीपचा विमा

दिग्गीहून जोयड्याला जायचं तर कान्हू वेळीपच्या जीपची वाट बघावी लागते. एकवीस वर्षं तो या रस्त्यावर गाडी चालवतोय. घाटातले उतार, ओढ्यावरचे अरुंद पूल, वळणावर अचानक उभा असलेला गवा, सगळं त्याच्या हातापायांना पाठ झालंय. एवढ्या वर्षांत अपघात नाही. विमा कंपनीकडे त्यानं कधी एक रुपयाही मागितलेला नाही.

यंदा मार्चमध्ये तो विमा नवा करायला रामनगरला गेला. संदीप हा तिथला एजंट. त्यानं संगणकावर आकडा बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मामा, यंदा तीन हजार जास्त येताहेत."

"दर वाढला काय?"

"सगळ्यांचा न्हाई. तुमचाच."

संदीपनं खुर्ची पुढं ओढून समजावलं. दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या विम्याचा दर सरकार ठरवतं, तो सगळ्यांना सारखाच. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दर कंपनी ठरवते, आणि या कंपनीनं यंदापासून मालकाचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज वेळेवर फेडण्याचे गुण, बघायला सुरुवात केली होती.

"म्हंजे, ज्याचे हप्ते चुकतात तो गाडीबी ठोकणार, असं त्यांचं गणित."

"पर म्या कवा कर्ज काढलंच न्हाई!"

"तुम्ही जामीन व्हता की. नारायणला."

नारायण कान्हूचा शेजारी. पिठाच्या गिरणीसाठी नारायणनं कर्ज काढलं, तेव्हा कान्हूनं सही केली होती. गिरणी वर्षभर छान चालली. मग एका सकाळी रानात मध काढायला गेलेल्या नारायणवर अस्वलानं झडप घातली. त्याला जीपमध्ये आडवा घालून कान्हूनंच दांडेलीचा दवाखाना गाठला होता. खड्डा आला की गाडी मुंगीच्या पावलानं, सपाट रस्ता आला की सुसाट. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हात गेलाच असता.

हात वाचला, पण गिरणी पाच महिने बंद राहिली. पाच हप्ते चुकले. बरा झाल्यावर नारायणनं सगळं कर्ज व्याजासकट फेडलं. बँकेनं तसा दाखलाही दिला. तरी त्या पाच महिन्यांचा डाग दोघांच्या नावावर राहिला होता.

त्याच दिवशी स्टँडवर योगेश भेटला. दोन वर्षांत दोनदा गाडी ठोकलेला हा जीपवाला. अपघातांमुळं त्याचा विमा थोडा वाढला होता, पण स्कोअर चांगला म्हणून त्याच कंपनीनं बरीचशी सूट दिली होती. शेवटी भरायचा आकडा कान्हूपेक्षा कमीच. ते ऐकून कान्हू चहा न पिताच उठला.

त्याची मुलगी रक्षिता जोयड्याच्या कॉलेजात शिकते. तिनं कंपनीला अर्ज लिहिला. अस्वलाची हकीकत, दवाखान्याचे कागद, बँकेचा दाखला, वर बासष्ट गावकऱ्यांच्या सह्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. रक्षितानं ते वाचून दाखवलं: दर नियमानुसार ठरला आहे, त्यात बदल होणार नाही.

"नारायणकाकांचं काय लिवलंय?" केशरनं, कान्हूच्या बायकोनं, विचारलं.

"काहीच न्हाई, आई."

गोष्ट नारायणच्या कानावर गेली. तो डाव्या हातात नोटा धरून अंगणात उभा राहिला. उजवा अजून नीट वळत नव्हता.

"माझ्यापायी तुला भुर्दंड. हे घे."

"अस्वलाकडनं आण जा," कान्हू म्हणाला.

दोघंही हसले. मग नारायणचे डोळे भरून आले आणि तो नोटा खिशात कोंबून घरी गेला.

संदीपनं मात्र प्रयत्न सोडला नाही. बेळगावात त्याला दुसरी एक कंपनी सापडली, जी फक्त अपघात झालेत का एवढंच विचारत होती. कान्हू दोन बस बदलून तिथं गेला. एका दिवसाच्या फेऱ्या बुडाल्या, पण विमा जुन्याच दरात झाला. संदीपचं कमिशन गेलं.

"पुढल्या सालाला इथंबी स्कोअर बघायला लागले तर?" कान्हूनं फोनवर विचारलं.

"तेव्हा बघू, मामा."

मे महिन्यात गिरजा आली. नवरा गेल्यापासून ती शिवणकाम करून दोन पोरी वाढवते. तिला मोठं मशीन घ्यायचं होतं, कर्जाला जामीन हवा होता. कान्हूनं आजवर अशा कामाला कधी नाही म्हटलं नव्हतं. या वेळी तो म्हणाला, "दोन दिस दे." गिरजा मान खाली घालून परत गेली, आणि तिची ती पाठ त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"तिला काय वाटलं असंल?" केशर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कान्हूनं सकाळची फेरी गिरजाच्या दारात थांबवली आणि हॉर्न वाजवला.

"चल, बँकेत जाऊ."

बँकेत कारकुनानं फॉर्म पुढं केला. कान्हूनं पेन हातात घेतलं, पण आधी म्हणाला, "सगळं वाचून दाखवा. हप्ता चुकला तर माझ्या नावावर काय लागंल, तेबी." कारकुनानं सावकाश सगळं वाचलं. कान्हूनं नीट ऐकलं आणि सही केली.