साहेबांच्या पायांवरचं पाणी

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकच प्रश्न होता. अक्का गावात राहणार, की गाव सोडणार? टँकर आला तर राहणार, नाही तर निघणार.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला आमच्याच मूळ गावी दिली होती. गाव भालकी तालुक्यातलं, हद्दीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण कर्नाटकात. निजामाचं राज्य गेलं, पुढे भाषेवरून राज्यं पडली आणि आमचं मराठी बोलणारं गाव पलीकडे राहिलं. अप्पा आधीच लातूरला येऊन किराणा दुकान टाकून बसले होते. गाव आज ना उद्या महाराष्ट्रात येणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. अक्काला तिथं दिली तीही त्याच भरवशावर. "गावात आपलं माणूस पाहिजे," म्हणायचे.

लातुरात पलीकडून आलेली बरीच घरं होती. एका डाळमिलच्या माडीवर त्यांची बैठक भरायची. सतरंज्या, चहा, पाहुण्यांसाठी शाल आणि नारळ ही व्यवस्था माझ्याकडे. मी बी.ए.ला होते आणि यादी केल्याशिवाय मला काही सुचत नसे. आमच्या भागातले एक पुढारी या बैठकांना नेमाने येत. सगळे त्यांना साहेब म्हणत. लातूरचा नवा जिल्हा झाल्यापासून त्यांचं वजन वाढलं होतं. "जिल्हा आणला, आता तुमची गावं आणतो," असं ते म्हणाले की माडी दणाणायची.

मग एक पावसाळा कोरडा गेला. अक्काचा निरोप आला, विहिरीत गाळ तेवढा उरलाय, तिकडचा टँकर फिरकत नाही. पुढच्या बैठकीत अप्पा उठून उभे राहिले.

"साहेब, गाव मागून आणा. आधी पाणी धाडा."

कुणीतरी त्यांचा सदरा ओढला. पण साहेब हसले. "अप्पा, गाव आपलं, तर तहान बी आपलीच. सोमवारी मी सोता येतो. टँकर माझ्या मागं."

अप्पा आणि मी आदल्या दिवशीच निघालो. उदगीरपर्यंत एसटी, तिथून दुसरी गाडी, मग पायी. हद्दीचा दगड आला की अप्पा दरवेळी त्याला काठी मारून म्हणायचे, "तुला उपटणार बघ." त्या दिवशीही म्हणाले.

अक्काच्या घरी रांजण तळाला गेला होता. इतर घरांचंही तेच. तरी सोमवारी सकाळी अक्काचे सासरे गावभर फिरून तांब्या-तांब्या पाणी गोळा करत होते. गावात त्यांचा शब्द चालायचा. आमच्या लिंगायतांत जंगम, म्हणजे गुरू, घरी आला की त्याचे पाय धुतात. तसेच साहेबांचे धुवायचे, आणि वाटेवर सडा घालायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"मामंजी, आधी टँकर बघू. मग धुवा पाय," अक्का म्हणाली.

"जंगमाला कोरड्या पायानं आत घेतलंय का कधी?"

"हे जंगम हायत का?"

"गावाला घरी नेणारा मानूस हाय. अजून कोन असतो जंगम?"

अक्कानं रांजण कलता करून त्यांना घागर भरून दिली.

ऊन चढलं तशी वाटेवर धूळ उठली. बायका ओरडल्या, "नीरु बंतु! नीरु बंतु!" पाणी आलं म्हणून मराठी गावाच्या तोंडून कानडी निघालं. ती जीप होती.

परातीत साहेबांचे पाय धुतले. साहेब बोलले, छान बोलले. हे गाव आमच्या काळजाचा तुकडा आहे म्हणाले. टाळ्या पडल्या. टँकर मागून येतोय, असं सांगून जीप परतली. सडा तोवर वाळला होता.

दुपार कलली तरी काही आलं नाही. मी आणि दाजी घागर घेऊन निघालो. हद्दीचा दगड ओलांडला, तर महाराष्ट्राच्या बाजूच्या पहिल्याच गावात लिंबाखाली टँकर उभा. भोवती घागरींची झुंबड.

"ए बाई, लायनीत घुसू नको," एक बाई माझ्यावर खेकसली. "कुठली तू?"

मी गाव सांगितलं.

"मग तिकडं माग की! हे लातूर जिल्ह्याचं पानी हाय. तुमचं गाव आलं इकडं, की घ्या."

मी ड्रायव्हरकडे गेले. तो म्हणाला, "ताई, हद्द वलांडायचा हुकूम न्हाई मला. सायबानं इथवरच सांगितलंय."

"कधी सांगितलं?"

"परवाच की."

दाजी खाली बसले. मला त्या बायकांवर रागावता येईना. त्यांच्या घागरीही आमच्याइतक्याच कोरड्या आल्या होत्या. निघताना तीच बाई मागून आली, आपल्या घागरीतलं निम्मं पाणी आमच्या घागरीत ओतलं आणि गेली.

अक्कानं आम्हाला लांबून पाहिलं आणि आत जाऊन बोचकी बांधायला घेतली. परातीतलं पाणी तिनं कधीच म्हशीला पाजलं होतं. काय न्यायचं हे मी भराभर सांगत गेले: भांडी, पीठ, अंथरुणं, पोरांचे कपडे. सांगायचं थांबले असते तर रडले असते.

पहाटे निघताना सासरे ओट्यावरून हलेनात.

"चला बाबा," दाजी म्हणाले.

"तुमी व्हा फुडं. सायब पुन्हा आले तर दार उघडायला कुनी पायजे."

अप्पा त्यांच्या शेजारी टेकले. दोघांनीही वर पाहिलं नाही. गावात आपलं माणूस पाहिजे, हे वाक्य अप्पांच्या तोंडून मी नंतर कधी ऐकलं नाही.

अक्का आणि पोरं आमच्याबरोबर लातूरला येणार, दाजींनी हद्दीजवळ राहून दर दोन दिवसांनी घागर आणून द्यायची, असं ठरलं. अक्कानं त्या बाईचं पाणी रांजणात ओतलं, वर झाकण ठेवलं आणि सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"हे प्यायचं हाय, मामंजी. कुनाच्या पायांवर घालू नका."

त्यांनी परात ओढून दाराशी मांडून ठेवली.