मेलेल्या बाईची खिंड आणि माझं 'शी'

बहारीनमध्ये डोंगर नाही. म्हणजे तिकडे वाळवंटात एक आहे, लोक सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन बघायला जातात, पण त्याला डोंगर म्हणायचं तर आमच्या चिपळूणकडच्या उकिरड्यालाही म्हणावं लागेल. अशा सपाट देशात तीसएक वर्षं काढून साठीनंतर मी इन्का लोकांच्या पडक्या गावाला चार दिवस डोंगर तुडवत जायचं ठरवलं. हे ऐकल्यावर आमच्या ह्यांनी आधी चष्मा पुसला. ऐकण्याचा आणि चष्म्याचा काय संबंध, पण ते तसेच आहेत.

झालं असं की खरं तर मुलगी जाणार होती. ती इथेच जन्मली, इथेच शिकली, इथेच नोकरीला लागली. मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र निम्मं इंग्रजी. पेरू देशात माचू पिचू म्हणून जागा आहे, तिथं ग्रुपबरोबर चालत जायचं. पुढे एक गाईड, मागे एक गाईड, तंबू वाहायला हमाल, जेवण करायला स्वैपाकी. परमिट काढायच्या आधीच तिच्याबरोबर जाणाऱ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि मैत्रीण गळाली. मी मेथी निवडत बसले होते. मान वर न करता म्हटलं, "मी येऊ?"

"आई, सीरियसली? त्या वाटेनं गाडी जात नाही."

आता तिनं सहज म्हटलं, पण मला लागलं. का ते सांगते. मी आयुष्यभर खाली बसलेली बाई आहे. शाळेची सहल रायगडाला गेली तेव्हा बाईंनी मला पायथ्याशी बसवलं, कारण मला खोकला होता आणि कोणीतरी डब्यांपाशी बसायला हवंच होतं. लग्नानंतर जेजुरीला गेलो, मी पोटुशी, म्हणून खाली चपलांपाशी. इथे आल्यावर किल्ला बघायला गेलो तर पोर कडेवर झोपलेली, म्हणून गाडीत. तो किल्ला तर असा सपाटीवर आहे की चढायचं काही नाहीच, तरी मी खालीच! पुढे पुढे कोणी सांगायचीही गरज उरली नाही. मीच म्हणायची, तुम्ही या जाऊन, मी सामानापाशी बसते. सामानही इतकं सवयीचं झालं की मी नसले तर त्याला करमलं नसतं.

तर मी मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हटलं, "गाडी जात नाही ना? मग बरंच आहे. गाडीत बसवायची सोय नाही."

रात्री बापलेकीची कुजबुज झाली. सकाळी ती म्हणाली, "ओके. पण एक अट. दुसऱ्या दिवशी सगळ्यात उंच खिंड आहे. तिथे गाईड म्हणाला परत जा, तर परत जायचं. नो ड्रामा."

"नो ड्रामा," मी म्हटलं.

सराव कुठे करणार? हूऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगला सहा मजले. मी पाठीवर सॅक घ्यायची, सॅकमध्ये पाच किलो तांदूळ, आणि खाली-वर, खाली-वर. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसले तर रत्नागिरीच्या शेजारीण भाभी दार उघडून म्हणाल्या, "या अल्ला, घर सोडून चाललात की काय? भांडण झालं?" त्यांना इन्का समजावून सांगण्यापेक्षा जिने चढणं सोपं, म्हणून उठले.

वॉचमन रोज बघायचा. चार दिवसांनी त्यानं मालकाच्या ऑफिसात फोन करून कळवलं, लिफ्ट बिघडलीय, बुढ्ढी अम्मा चावलाची पिशवी घेऊन जिन्यानं जातेय, बघवत नाही. सलमाबादहून लिफ्टवाला आला. तो बिचारा तासभर रिकाम्या लिफ्टमधून वर-खाली करत होता, मी जिन्यातून वर-खाली करत होते. दर मजल्यावर आमची गाठ पडायची. शेवटी तो म्हणाला, "अम्मा, लिफ्ट तो ठीक है."

मी म्हटलं, "लिफ्ट ठीक है बेटा. मेरा घुटना ठीक करना है."

ह्यांनी तोंडानं प्रोत्साहन काही दिलं नाही. पण एक दिवस तुबलीच्या गॅरेजमधून येताना ट्रकचं बॉनेट टेकवायचा दांडा घेऊन आले. तो कापून, वर मूठ बसवून, खाली रबर लावून मला दिला. "हा वाकणार नाही," म्हणाले. "अख्खं बॉनेट पेलतो, तर तू काय!" आता ह्याला प्रेम म्हणायचं की काय म्हणायचं, मी विचारलं नाही.

विमानं बदलत बदलत कुस्को नावाच्या गावाला पोचलो. तिथं हवाच विरळ. दात घासले तरी धाप लागते. तिथले लोक कोकाचा पाला गालात धरतात आणि त्याला चुन्यासारखं काहीतरी लावतात. मला सगळ्यांनी घाबरत घाबरत शिकवायला घेतलं, मी पान जमवल्यासारखं जमवून गालात सारलं, तर टाळ्या पडल्या. म्हटलं, हे आमच्याकडे माझी आजी करायची, विड्याचं पान घेऊन.

भाषेचा मात्र घोळ. बटाट्याला तिथं पापा म्हणतात. आणि मोठ्या वयाच्या बाईला मामा! मागे चालणारा आमचा दुसरा गाईड, पन्नाशीचा, छातीचा भाता, इंग्रजी चार शब्द, तो पहिल्या दिवसापासून मला "मामा, मामा" करायला लागला. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "मामा नाही रे बाबा. मामी. मा-मी." तो खूश झाला. मामी म्हणू लागला. तेवढं तरी नातं जुळलं.

पण खरा घोटाळा 'शी'चा. कुस्कोतच हॉटेलात वेटरनं ताट आणून दाखवलं. ताटात आख्खा गिनीपिग तळलेला, दात दिसतायत, पाय वर. मी मासे खाणारी बाई आहे, मान खाते, डोळे खाते, पण हे! तोंडातून निघालं, "शी!"

वेटर हसला. "सी?"

"शी! शी गो बाय!"

त्यानं आनंदानं ताट माझ्यापुढे ठेवलं. मुलगी टेबलावर डोकं टेकून हसत होती. हसून झाल्यावर म्हणाली, "आई, इथे सी म्हणजे हो. तू तीन वेळा ऑर्डर दिलीस." तो उंदीरमामा शेवटी ग्रुपमधल्या दोघांनी वाटून खाल्ला. मी त्याच्याकडे पाठ करून बटाटे खाल्ले. त्या दिवशी ठरवलं, ह्या देशात 'शी' म्हणायचं नाही. ठरवून काय होतं? साठ वर्षांची जीभ ती.

पहिला दिवस बरा गेला. नदीकाठानं वाट, वर बर्फाचा डोंगर, तंबूत गरम सूप. संध्याकाळी पुढच्या गाईडनं नकाशा पसरून उद्याची खिंड दाखवली आणि म्हणाला, हिचं नाव मेलेल्या बाईची खिंड. लांबून डोंगर आडव्या पडलेल्या बाईसारखा दिसतो म्हणून. सगळ्या ग्रुपनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघता काय, मी अजून बसलेली आहे. खिंडीच्या खालच्या माळापर्यंत दमलेल्या माणसाला परत नेता येतं, तो म्हणाला. पलीकडे उतरलं की मग परत नाही, पुढेच. मुलीनं मला कोपरानं ढोसलं. आमची अट तिच्या लक्षात होती.

दुसऱ्या दिवशी पायऱ्या लागल्या. दगडी, उंच, एकेक पायरी गुडघ्याएवढी. त्या बांधणाऱ्या इन्का लोकांच्या बायकांना नेसायला काय होतं कोण जाणे, नऊवारी नक्की नव्हतं. पंधरा पायऱ्या, थांब. दहा पायऱ्या, थांब. मुलगी थांबायला लागली तर मीच तिला पुढे पिटाळलं. तुझी लय बिघडते, तू जा, खिंडीत भेटू. मागे माझ्याबरोबर छातीचा भाता आणि माझा दांडा. हमाल पाठीवर डोंगराएवढी ओझी घेऊन पळत जायचे, मी त्यांना "यल्ला, यल्ला" करून वाट द्यायची. त्यांना हा अरबी 'चला चला' आवडला. दुपारपर्यंत सगळा डोंगर यल्ला यल्ला करत होता.

त्या माळावर पोचले तेव्हा मला दोन-दोन डोंगर दिसत होते. दगडावर बसले. छातीच्या भात्यानं सॅक माझ्या पाठीवरनं उतरवली, नाडी पाहिली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून आकडा पाहिला, आणि काळजीनं माझ्याकडे बोट दाखवून मग खाली दरीकडे दाखवलं. "मामी. अबाहो?" म्हणजे खाली. "सी?"

खाली! दीड दिवस रक्त आटवून मी आले ती खाली जायला? तळपायाची आग मस्तकात गेली. आणि आग मस्तकात गेली की मराठी माणूस काय म्हणतो?

"शी!"

त्यानं मान हलवली. समजूतदारपणे. वॉकी-टॉकी काढून पुढच्या गाईडला काहीतरी सांगितलं, त्यात मामी एवढंच मला कळलं. मला वाटलं, म्हातारी येतेय, थांबा, असं सांगतोय. मी चहा घेतला. जरा डोळे मिटले. उघडते तर एक हमाल माझी सॅक खांद्याला लावून उभा, तोंड दरीकडे.

"अरे, तिकडे कुठे?" मी ओरडले.

"अबाहो, मामी," भाता म्हणाला. "सी?"

"शी! शी शी शी!"

"सी सी सी!" तो आणखीनच हळुवार झाला. माझा हात हातात घेतला, जसा काही आजारी माणसाचा घेतात, आणि खाली चालवायला लागला. मी जितकी जोरात नाही म्हणतेय तितकं जोरात हो ऐकू जातंय! चार पावलं खाली गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आता जीभ आवरायची आणि 'नो' म्हणायचं, एवढंच. पण नो आठवेल तर शपथ. "खलास!" म्हटलं. "मफी अबाहो! नको! अजिबात नको!" अरबीत सांगितलं, मराठीत सांगितलं, त्याला दोन्ही येत नाहीत. बोंबलून शेवटी "नो" आलं, तर तो गोंधळला. इतका वेळ हो हो करणारी बाई आता नो म्हणतेय, म्हणजे उंचीमुळे डोकं फिरलंय. हे तर आणखी वाईट. त्यानं हमालाला खूण केली, लवकर चल.

हमाल चालू लागला. माझी सॅक हलत हलत दरीकडे निघाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, जाऊ दे. सामान जाऊ दे खाली, त्याचं ते सांभाळेल.

मी हात सोडवून घेतला, पाठ फिरवली आणि वर चालायला लागले.

मागनं "मामी! मामी!" ऐकू येत होतं. मी बघितलंच नाही. किती पायऱ्या, किती थांबले, मोजलं नाही. बहुतेक थांबलेच नाही, रागाला धाप लागत नाही. नंतर राग संपला आणि धाप आली, तेव्हा थांबले, पण तोवर भाताही दमला होता आणि मुकाट्यानं माझ्या मागे येत होता. हळूहळू आमचं जमलं. मी दहा पायऱ्या चढायची, तो बोटाला चिमटा लावून आकडा पाहायचा, भुवई उडवायचा, मग पुन्हा दहा. सॅकही मागनं येत होती. हमालानं विचार केला असेल, ह्या लोकांचं काय ते ठरू दे आधी.

खिंडीच्या तोंडाशी मुलगी समोरून खाली येत होती. एकटी, पळत, डोळे सुजलेले. तिला वॉकी-टॉकीवर निरोप गेला होता की तुमची आई खाली गेली. मला बघून ती पायरीवरच मटकन बसली.

"आई! तू तर खाली गेलीस ना?"

"तू कुठे निघालीस?"

"खाली! तुझ्याकडे! मी पण कॅन्सल केलं!" आणि रडायलाच लागली. मग म्हणाली, "ते म्हणाले तू स्वतःच यस म्हणालीस. मला वाटलं, आई यस म्हणाली म्हणजे खूपच त्रास होत असेल."

"यस नाही गो. शी म्हटलं मी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भात्याकडे. मग इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी त्याला सगळं समजावलं, शी म्हणजे काय, नाक कसं मुरडायचं ते करूनसुद्धा दाखवलं. त्या बापड्यानं कपाळावर हात मारला आणि मला कोपरापासून नमस्कार केला. खिंडीत वारा असा होता की बोलताच येईना. तिघंही एकमेकांना धरून उभे. पलीकडे ढगच ढग. मुलगी कानाशी ओरडली, "आई, आता परत नाही, हां! पुढेच!"

पुढचे दोन दिवस उतारानं गुडघ्यांनी जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. चौथ्या दिवशी सकाळी माचू पिचूला पोचलो. पडकी घरं, एकालाही छप्पर नाही, पण दगडात दगड असा बसवलेला की सुरी जाणार नाही. मी एका भिंतीला टेकून उभी होते. चार दिवस अंघोळ नाही, पायजम्याला चिखल, केसांचं घरटं. दुसऱ्या बाजूच्या रस्त्यानं, बसनं वर आलेली एक आपल्याकडची बाई, कडक इस्त्रीतली, अत्तर लावून, माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आंटी, बस की लाइन बहुत लंबी थी ना? आप कौनसी बस से आयीं?"

मी म्हटलं, "चलके आयी. चार दिन."

ती दोन पावलं मागे सरकली. आदरानं की वासानं, तिचं तिला ठाऊक. मी आदर धरून चालले.